तिसरी हाक

माझी थोरली पोर सहा वर्षांची असताना मला ओ देईनाशी झाली. बहिरी नव्हती. अंगणात कोंबडीने खुट्ट केलं तरी मान वळवायची, शेजारच्या पोरींशी तोंड भरून बोलायची, बापाला लांबून ओळखून पळत सुटायची. फक्त मी हाक मारली की दगड. आणि मी समोर जाऊन उभी राहिले, की तोंडाकडे बघायच्या आधी ती माझ्या पायांकडे बघायची. एकटक. मग सावकाश मान वर.

त्या बघण्याने माझ्या अंगावर काटा यायचा. पोटच्या पोरीची भीती वाटते, हे मी कुणाला सांगणार होते?

लढाईचे दिवस होते. उत्तनच्या किनाऱ्यावर उजेड दिसू द्यायचा नाही असा हुकूम, त्यात रॉकेल मिळायची मारामार. दिवेलागणीची वेळ व्हायची, पण दिवे लागायचे नाहीत. सासरे अंथरुणाला खिळलेले, मांडीवर सहा महिन्यांचं तान्हं, नवरा होडीवर. बोंबील वाळत घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे. मी मुळातच तापट. चार यत्ता शिकल्यामुळे ही शिव्यासुद्धा शुद्ध देते, असं नवरा चिडवायचा. त्या वर्षी त्याने चिडवणंही सोडलं होतं.

त्याचा मोठा भाऊ आदल्या हंगामात होडीवरून पडला, तो मिळालाच नाही. त्याची बायको, माझी जाऊ, आमच्यातच राहायची. एका संध्याकाळी आम्ही दोघी दारात बसून मासळी साफ करत होतो. पोर माझ्या पाठीला टेकून बसलेली. एकाएकी जावेने मान उचलली आणि म्हणाली, "ओ."

मी काहीच ऐकलं नव्हतं. "कोन हाक मारतंय गो?" मी विचारलं. ती नुसती हसली, हात लुगड्याला पुसले आणि समुद्राच्या अंगाला चालू लागली. मला वाटलं, काही राहिलं असेल तिकडे. मी मासळी साफ करत बसले. सकाळी ती खडकांत सापडली.

तिच्या बाराव्याला आळीतल्या प्रत्येक बाईने आपापल्या पोरांना पुढ्यात बसवलं. मीही बसवलं. संध्याकाळी कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला नाही. काळोखात हाक मारत येतं ते आपल्या माणसाचा आवाज काढतं, पण तिसरी हाक त्याला मारता येत नाही. माणूस तीनदा हाक मारतो. पोरीकडून हे मी दहा वेळा घोकून घेतलं आणि कामाच्या रगाड्यात स्वतः विसरून गेले.

त्यानंतर महिन्याभरातच तिची ओ बंद झाली. मी हाका मारायचे, मग हाताला येईल ते घेऊन धावायचे. मारलं तरी ती रडायची नाही, पाय बघत राहायची. बायका कुजबुजू लागल्या की जाऊ तिच्यात आली. भगत आणला. त्याने मिरच्यांची धुरी दिली, दंडाला काळा दोरा बांधला. पोर खोकून खोकून निळी पडली. ओ काही आली नाही.

शेवटी नवरा म्हणाला, "पोरीला माज्या बहिनीकडं धाडतो. तिकडंच राहूदे. ही हितं ऱ्हायली तर तू तरी मरशील, न्हायतर ती तरी."

ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. ते कबूल करते. मग मी तान्हं शेजारणीकडे दिलं आणि पोरीचा हात धरून शेजारच्या डोंगरी गावाची वाट धरली.

डोंगरीला एक ख्रिस्ती म्हातारी सुईण होती. ही पोर तिच्याच हातावर जन्मलेली. हट्टी पोरं, रुसलेल्या सुना, सगळं तिच्या ओट्यावर यायचं. मी बसल्या बसल्या पोरीच्या तक्रारी सुरू केल्या. तिने हात वर केला.

"पोरीचं मागनं. तुजं सांग. झोप लागते का?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी पदर तोंडात कोंबून रडले. रडणं सरल्यावर म्हातारी म्हणाली, "भायेर जा. घरी हाक मारतेस तशी मार."

मी परसात जाऊन पोरीला नावाने हाक मारली. मग दुसरी मारली. ओ नाही. आणि नेहमीसारखी हात उगारून तरातरा आत आले. पोरीने माझे पाय बघितले. म्हातारीने माझं मनगट पकडलं.

"बाय," तिने पोरीला विचारलं, "खाली काय बगतेस?"

"पाय. सुलटे हायत का ते."

"मग?"

"अजून सुलटे हायत."

"आन ओ का देत न्हायस?"

"आय तीनदा हाक मारते," पोर म्हणाली. "ही दोनदाच मारते."

"आन आय कुठं हाय?"

"काकीसंगं गेली. तवाधरनं ही आलीय."

चार महिने ही सहा वर्षांची पोर माझ्या हातचं जेवत होती, माझ्याशेजारी निजत होती, मार खात होती, आणि रोज माझे पाय तपासत होती. माझ्यासारखी करंटी आई मीच.

"परत जा," म्हातारी मला म्हणाली. "या टायमाला तिसरी मार."

मी परसात उभी राहिले. पहिली मारली. दुसरी मारली. पाय सवयीने आत धावायला निघाले, ते मी दाबून धरले. तिसरीच्या आधी थांबले. तिलाही ओ आली नाही तर मी कोण? कशीबशी मारली. आत काही हललं नाही. मग अगदी बारीक आवाजात आलं, "ओ."

परतताना तिने माझा हात सोडला नाही. घरी पोचलो तेव्हा तिन्हीसांजा झालेल्या. घर काळोखात. दारात तिच्या कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं. आमची चाहूल लागून आतून नवऱ्याचा आवाज आला.

"आलीस काय गो?"

मी ओ देणार, तोच पोरीने टाचा उंचावून माझ्या तोंडावर हात दाबला. माझ्याकडे बघून तिने मान हलवली. नको.

आतून दुसरी हाक आली. तिने हात काढला नाही. बराच वेळ काही ऐकू येईना. मीही श्वास रोखला.

मग चिडून त्याने तिसऱ्यांदा हाक मारली, आणि आम्ही दोघींनी एकदम ओ दिली.