वरच्या सभागृहासाठी माझं एक मत

आमची सगळी नोकरी दिल्लीत गेली आणि दिल्लीला विधान परिषद नाही. मुलगी गुरुग्रामला राहते, तर हरियाणातही नाही. निवृत्त झाल्यावर आम्ही यमुनेपलीकडे, उत्तर प्रदेशाच्या हद्दीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. पाणी खारं, वीज कधीही जाते, मुलीकडे जायचं तर दीड तास. मला मात्र एका गोष्टीचा आनंद झाला होता आणि तो मी कुणाला सांगितला नाही, कारण सगळे हसले असते. उत्तर प्रदेशात वरचं सभागृह आहे, आणि त्यात काही आमदार पदवीधरांच्या मतांवर निवडून जातात. मी बी.ए. आहे.

या मतदार यादीत नाव यायचं तर पदवी मिळून तीन वर्षं व्हावी लागतात. नागपुरात माझी ती तीन वर्षं भरायच्या आतच मी दिल्लीत एका मंत्रालयात कारकून म्हणून लागले. त्यामुळे घराण्यातली पहिली पदवीधर असूनही हे मत मी आयुष्यात कधी दिलं नव्हतं. विधानसभेच्या यादीत नाव असून इथे चालत नाही. ही यादी वेगळी, आणि दर निवडणुकीला ती पहिल्यापासून नव्याने करतात. या वेळी सुटलं तर सहा वर्षं थांबा. माझ्या वयात सहा वर्षं म्हणजे काय, ते मी जाणते.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. माणूस कामसू, पण सगळ्या सोसायटीची सूत्रं आपल्याच हातात आहेत अशी त्यांची समजूत. एका रविवारी सकाळी ते फॉर्मांचा गठ्ठा घेऊन दारात आले. यजमानांचं नाव आधीच सुंदर अक्षरात लिहून आणलं होतं.

"भाईसाहब, बस डिग्री की कॉपी दे दीजिए।"

आमचे हे आयटीआय करून सरकारी छापखान्यात लागलेले. हे शांतपणे म्हणाले, "डिग्री मेरी नहीं, इनकी है।"

सेक्रेटरी हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू विरलं. प्रत्येक फ्लॅटमागे एक फॉर्म आणि तो पुरुषाच्या नावावर, असा त्यांनी हिशेबच धरला होता. खालच्या मजल्यावर एक डॉक्टरीण राहते. तिचाही फॉर्म त्यांनी आणला नव्हता, नवऱ्याचा आणला होता.

"जाने दीजिए मैडम," ते सांभाळून घेत म्हणाले, "ऊपर वाला सदन है, वहाँ सब पहले से तय रहता है। सभापति तक।"

मला अस्सा राग आला. चहा न विचारता मी त्यांना उभ्याउभ्याच ऐकवलं. शंभर सदस्य. अडतीस आमदारांनी निवडलेले, छत्तीस स्थानिक संस्थांमधून आलेले, दहा राज्यपालांनी नेमलेले, आठ शिक्षकांचे आणि आठ आमचे, पदवीधरांचे. सभापती याच शंभरांनी निवडायचा. तुमचं ते जे काही ठरतं ते या शंभरांच्या माना डोलल्याशिवाय कागदावर येत नाही, आणि त्यातल्या एका मानेवर माझा हक्क आहे. कोरा फॉर्म द्या.

फॉर्म दिला. मी भरला आणि तहसिलीत जाऊन स्वतःच्या हाताने जमा केला. तीन आठवड्यांनी सुनावणीला बोलावणं आलं.

टेबलामागचा बाबू माझ्या पदवीकडे आणि आधार कार्डाकडे आळीपाळीने बघत होता. आमच्याकडे मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं. लग्न झालं की ते जातं, तिथे नवऱ्याचं येतं, आणि आडनावही बदलतं. पदवीवर माझं माहेरचं पूर्ण नाव होतं, आधारवर सासरचं. दोन्हीकडे सारखं होतं ते फक्त पहिलं नाव.

"ये तो दो औरतें हैं," बाबू म्हणाला. वाईट माणूस नव्हता, उपायही त्यानेच सुचवला. "पति को ले आइए। लिखकर दे दें कि आप वही हैं।"

घरी आल्यावर हे लगेच तयार झाले. "अगं, चलो ना, उद्या येतो मी. दोन मिनिटांचं काम आहे."

"अहो, तुम्ही नाही यायचं."

"का?"

"मी बी.ए. झाले तेव्हा तुम्ही मला ओळखत होतात का? मग माझ्या पदवीची साक्ष तुम्ही कशी देणार?"

हे म्हणाले, "हे मात्र बिल्कुल खरं." आणि आत जाऊन वरणाला फोडणी दिली.

मी नोकरीला लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. म्हणजे माझ्या सेवापुस्तकात पहिल्या पानावर माहेरचं नाव आणि पुढे कुठेतरी लग्नानंतर नाव बदलल्याची सही-शिक्क्याची नोंद असणारच. दुसऱ्या दिवशी मेट्रो धरली आणि जुन्या ऑफिसात गेले. माझ्या हाताखाली काम शिकलेली मुलगी आता तिथे सेक्शन ऑफिसर आहे. अर्ज केला, चार चकरा मारल्या, आणि त्या पानाची प्रमाणित प्रत मिळाली. दोन्ही नावं एकाच ओळीत होती. मला वाटलं, लढाई संपली.

बाबूने ती प्रत वाचली, मान हलवली आणि माझा फॉर्म पुढे ओढला. एक रकाना माझ्याकडून कोरा राहिला होता. त्याने न विचारता तिथे नवऱ्याचं नाव लिहायला घेतलं.

"पिता का लिखिए।"

"आप शादीशुदा हैं। पति का लिखते हैं।"

"तुमच्याच फॉर्मवर पिता, माता किंवा पती असं छापलंय," मी हिंदीत सांगितलं. माझा आवाज चढला होता आणि तो मी उतरवला नाही. "माझे बाबा रेल्वेत गँगमन होते. मुलीला कॉलेजात कशाला घालतोस म्हणून सगळा मोहल्ला त्यांना हसला, तरी त्यांनी मला घातलं. लग्न झालं तेव्हा त्यांचं नाव माझ्या नावातून गेलं, तेव्हा मी काही बोलले नाही. आज बोलतेय. ही पदवी त्या माणसाच्या मुलीची आहे."

मागे रांग लागली होती. कुणीतरी जोरात उसासा टाकला. बाबूने दुसरा कोरा फॉर्म काढला आणि मला पुन्हा सगळा लिहायला लावला. मी लिहिला. एका अक्षराची घाई केली नाही.

यादी आली त्या दिवशी सेक्रेटरींनी क्लबहाउसमध्ये आम्हाला बोलावलं. आपापलं नाव तपासा म्हणून ते चष्मा लावून एकेक ओळ वाचत होते. या वेळी डॉक्टरीणही होती, तिला फॉर्म मी नेऊन दिला होता. माझी ओळ आली. माझं नाव वाचून ते पुढच्या रकान्यावर अडखळले. आमच्याकडची नावं त्यांच्या जिभेला सवयीची नाहीत.

"ये आपके पिताजी हैं? वो भी ग्रेजुएट थे?"

"नहीं," मी म्हणाले. "अंगूठा लगाते थे। आप पढ़िए, ज़रा ज़ोर से।"

त्यांनी चष्मा सारखा केला आणि बाबांचं नाव, आडनावासकट, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.