आठवी आसरा

कोल्हारला रस्त्यावर जीप उभी होती, माझ्या बॅगा टपावर चढल्या होत्या आणि आई कुठेच दिसत नव्हती. दादा सारखा घड्याळ बघत होता. वहिनी दह्याची वाटी घेऊन दारात ताटकळली होती. आणि मी, वय वर्षं एकेचाळीस, डोक्याला ताजा कलप, गळ्यात पासपोर्टची पिशवी, देशाचा राजदूत निघावा अशा थाटात उभा होतो. प्रत्यक्षात साखर कारखान्याच्या लॅबमधली नोकरी सोडून न्यूझीलंडला दूध पावडरीच्या कारखान्यात चाललो होतो. म्हणजे एक पांढरी भुकटी तपासायचं सोडून दुसरी पांढरी भुकटी तपासायला. जिल्ह्याचं नावसुद्धा तेव्हा जुनंच होतं.

आई नदीकडून आली. पाय ओले, पदराखाली काहीतरी धरलेलं. जवळ येऊन तिनं ते माझ्या हातातल्या पिशवीत घातलं. खणात गुंडाळलेला दगड होता, मुठीएवढा, शेंदूर लावलेला.

आमच्या प्रवरेच्या काठाला साती आसरा आहेत. सात दगड, एका ओळीत, शेंदरानं माखलेले. पाण्याच्या सात बाया. घरातलं कुणी कायमचं बाहेर निघालं की नदीतला एक दगड उचलून सव्वा महिना त्यांच्या ओळीत ठेवायचा, रोज पाणी घालायचं, मग तो त्यांच्यातलाच होतो. तो जाणाऱ्याच्या हाती द्यायचा. माझ्या आत्या जामखेडला दिल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर असा एक दगड गेला. कोरड्या मुलखात तरी बाईनं पाण्याची आठवण ठेवावी म्हणून असेल.

"जिथं जाशील तिथं तिला रोज तांब्याभर पानी घाल," आई म्हणाली. "बाकी तिचं काय मागनं न्हाई."

मी मोठ्या तोंडानं "हो" म्हणालो. दही खाल्लं. जीप सुटली. आई रडली नाही. मी रडलो, आणि ड्रायव्हरला सांगितलं की धूळ फार आहे.

आता जे लिहितोय ते दादा-वहिनींसाठी आहे, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठीही. दादाला यातलं थोडं माहीत आहे. सगळं कुणालाच नाही.

ऑकलंडला उतरण्याआधी विमानात एक फॉर्म दिला. माती, बिया, लाकूड, दगड, काही आणलंय का? खरं सांगितलं नाही तर मोठा दंड, असं ठळक अक्षरात. मी आयुष्यभर सरकारी कागदाला घाबरत आलो. तलाठ्यासमोर माझा आवाज बारीक होतो. रांगेत उभा राहिलो तर पुढे एक कुत्रा प्रत्येकाची पिशवी हुंगत येत होता. बाजूला एक डबा ठेवलेला, नको असेल ते इथे टाका आणि निर्धास्त जा. माझ्या पुढच्या बाईनं त्यात एक सफरचंद टाकलं. मी पिशवीत हात घातला आणि खणासकट दगड त्यात सोडला. डब्याच्या तळाशी आवाज झाला. कुत्रा माझ्याकडे बघून न बघितल्यासारखा पुढे गेला.

पुढे सहा महिन्यांनी कारखान्यातल्या एकानं सहज सांगितलं, स्वच्छ धुतलेला दगड दाखवला असता तर बहुतेक जाऊ दिला असता. त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

पण त्याआधीच एक उद्योग करून बसलो होतो. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात आईनं व्हिडिओ कॉल लावला. "बाई कुठं बसवली? दाव बरं." मी म्हणालो, नेटवर्क नाही. फोन ठेवला, आणि घरामागून नदी वाहते तिथे पळत गेलो. त्यातल्या त्यात आईच्या दगडासारखा एक निवडला, कुंकू कालवून लावलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आणि परत फोन लावला.

आईनं फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "जरा बारीक झालीया," ती म्हणाली. "प्रवासानं असंल."

तेव्हापासून दर मंगळवारी आईचा फोन. तिकडे दुपारची कामं उरकलेली असायची, इकडे माझं जेवण. "बाईसमोर ठेव फोन," म्हणायची. मी फोन दगडासमोर टेकवून ठेवायचो आणि सिंकवर भांडी घासायला लागायचो. इथे मी एकटाच राहतो, भांडी मीच घासतो. गावात हे कळल्यावर दादा दोन दिवस हसत होता. आई हळू आवाजात बोलत राहायची, मी नळ मोठा सोडायचो. खोटं सांगत नाही, तिचं बोलणं मला ऐकायचंच नव्हतं. त्या दगडाला ती "बाई" म्हणाली की मला माझं खोटं आठवायचं, म्हणून नळ. दहा-पंधरा मिनिटांनी ती हाक मारायची, "झालं रं." मी हात पुसून फोन उचलायचो, हवापाणी विचारायचो. अशी नऊ वर्षं गेली.

मग एक दिवस दादाचा फोन आला. आईच्या पोटात गाठ. फार वाढलीय. डॉक्टर म्हणाले, बरेच महिने तिला हाताला लागत असणार. दादा चिडला होता, "आन ही बया कुनाला बोलली न्हाई!" मग त्यानं खालच्या आवाजात सांगितलं, "ये तू. येताना बाईला घेऊन ये म्हनती."

दगड घेऊन जायचा की खरं सांगायचं, हे मी उज्ज्वलाताईंना विचारलं. उज्ज्वलाताई मूळच्या जामखेडच्या, इथे वृद्धांच्या होममध्ये नर्स आहेत. त्यांचं घर बौद्ध. त्यांच्या टेबलावर काळ्या दगडाची ओंजळीएवढी बुद्धमूर्ती असते, समोर एक मेणबत्ती. मी एकदा विचारलं होतं, काय मागता? त्या म्हणाल्या, "मागत काही नाही भाऊ. समोर बसलं की दिवसभर कुणाशी कशी वागले ते आठवतं. तेवढ्यानं उद्या जरा बरी वागते."

त्यांना मी डब्याचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या हसून म्हणतील, दगडच तो, काय एवढं. तसं मला ऐकायचंही होतं. पण त्या हसल्या नाहीत.

"आमच्या आजीनं दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव टोपलीत घालून नदीवर नेले," त्या म्हणाल्या. "टाक होते, शेंदराचे दगड होते. एकेक हातात घेतला. म्हणाली, तुझी माझी सोबत इथवर. मग सोडला. घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलली नाही. पण पुन्हा कधी त्या पाण्याकडे वळून बघितलं नाही." त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "आजीनं विचार करून सोडले, भाऊ. तुम्ही घाबरून टाकला. आता आईशी तरी घाबरू नका."

कोल्हारला पोचलो तेव्हा आई खाटेवर होती. अर्धी झालेली. मी दगड तिच्या हातात दिला, म्हटलं आधी ती बघू दे, मग सांगतो. बघा, तिथेही चालढकल. तिची नजर अधू झाली होती. तिनं दगड दोन्ही तळव्यांत घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला.

"ही आपली न्हाई, बाळू. आपल्या बाईच्या पाठीला खाच हुती. आंगठा बसायचा तिच्यात."

मी सगळं सांगितलं. डबा, कुत्रा, सफरचंद, सगळं.

"घाबरलास? कोनाला?"

"फॉर्मला, आई."

"कागदाला?" तिला हसू आल्यासारखं झालं, मग ते निघून गेलं. "मंग इतकी वर्सं मी जिच्याशी बोलत हुते ती कोन?"

"तिथल्या नदीतला दगड."

तिनं दगडाची पाठ पुन्हा चाचपली. मग म्हणाली, "गाठ हाताला लागली तवा पैल्यांदा हिलाच सांगितलं. म्हनलं, तुझ्या घरात ऱ्हाती, तुला कळंल."

"अगं, मलाच सांगायचं ना! मी तिथेच तर होतो."

"तू भांडी घासत हुतास की," आई म्हणाली. रागानं नाही, आठवून सांगावं तशी. "नळाचा आवाज यायचा."

 

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, मला नदीवर न्या. वहिनीनं एका बाजूनं धरलं, दगड माझ्याकडे. आसरांच्या ओळीशेवटी तिनं तो ठेवायला लावला. सातांच्या शेजारी आठवी. वहिनीनं शेंदराची पुडी सोडली तशी आईनं हात धरला.

"शेंदूर नगं. ती घरची न्हाई, पाव्हनी हाय. पाव्हनीला कुंकू लाव आन ओटी भर."

"सासूबाई, दगडाची वटी कशी भरू? पदर कुठं हाय तिला?" वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, तरी तोंड चालूच.

"माझा पदर धर तिच्याम्होरं."

मग आईनंच आपला पदर दगडाच्या बाजूनं पसरला आणि वहिनीनं त्यात तांदूळ, खोबऱ्याची वाटी, खण घातला. आई वाकून दगडाशी बोलली. या वेळी मी जवळच होतो, नळ नव्हता, ऐकू आलं. "बाई, तुला तुझ्या मुलखात काय नावानं हाक मारत्यात, मला ठाव न्हाई. परक्या बाईचं लई ऐकलंस. आता आपल्या घरी जा." मग माझ्याकडे न बघता, "हिला तिच्या नदीपासून तोडून इथं आनलीस. परत ने. आन माझ्या बाईला तिकडं कोन पानी घालत असंल?"

या वेळी खोटं बोललो नाही. "कुणी नाही," म्हणालो.

तिनं मान हलवली.

परतताना ती थांबत थांबत चालत होती. मी तिच्या बाजूनं होतो. धीर करून म्हणालो, "आई, तू दर मंगळवारी तिला काय काय सांगायचीस, ते मला सांग ना. मी इथेच आहे महिनाभर. काही काम नाही मला."

आईनं माझ्या हातावर थोपटलं. "तिला सांगितलंय समदं," ती म्हणाली. "आता पुन्यांदा कोन सांगत बसंल, बाळू. दमले मी."

महिनाभर मी खाटेजवळ बसलो. ती हवापाण्याचं बोलली, ऊस कधी तुटणार ते बोलली, माझा कलप उतरलाय ते बोलली. ते नाही बोलली. मी इकडे परतल्यावर सतराव्या दिवशी गेली.

दगड मी परत आणला, या वेळी धुऊन, फॉर्मवर लिहून. नदीत सोडायला काठापर्यंत दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा खिशात घेऊन माघारी आलो. आईनं सांगितलेलं एवढंसं कामही मला धड करता आलं नाही. तो अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे.

इथे नवीन कुणी भेटलं की विचारतं, घर कुठं तुमचं? मी कोल्हार सांगतो, नदी सांगतो, जिल्ह्याचं आताचं नाव सांगतो. तिकडे गेलो की लोक विचारतात, घर कुठं घेतलं? तेव्हा इकडचा पत्ता सांगतो. दोन्ही उत्तरं देताना जीभ अडखळते. आईला नऊ वर्षांत जे म्हणायचं होतं ते कोल्हारात राहिलेलं नाही. ते इथे आहे, खिडकीत, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि त्यातला एक शब्दही मला ठाऊक नाही.