पाच बोटं पुस्तक

हे मी कोणाला सांगणार नव्हतो. पण आता चहा समोर आलाच आहे, तर ऐका. पुस्तक लिहिणाऱ्याने आपली प्रगती मोजू नये. मोजलीच, तर निदान बोटांनी मोजू नये.

मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार अमरावती. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या शेतीचे असे हाल चालले होते की दिल्लीपासून माणसं यायची, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहून फोटो काढायची आणि जायची. माझा वसतिगृहातला मित्र भाऊराव अकोल्याला राहतो, शेती करतो. तो एकदा म्हणाला, "सारे येतात, इचारतात, अन् पुस्तक काढतो म्हून चालले जातात. तू तरी काढशील का बे?"

मी शब्द दिला. विषय ठरला, कोरडवाहू शेती.

पण मी एक पान लिहायचो, वाचायचो आणि फाडायचो. डॉक्टरेट झालेल्या माणसाला स्वतःच्या कुठल्याही वाक्यावर शंका घेता येते. दुसरं शिकतो काय आम्ही?

उन्हाळा लागला आणि नवल घडलं. पुस्तक वाढू लागलं.

आमच्या सौभाग्यवती नलिनीबाई भातातलं पाणी बोटाने मोजतात. तसा मी रोज सकाळी लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा बोटांनी मोजायचो. दोन बोटं. मग तीन बोटं. ज्या दिवशी एक लिहून एक फाडलं, त्या दिवशीही गठ्ठा फुगलेलाच. मला वाटलं, विचारांना वजन येतं ते हेच असावं. पानांवर आकडे नव्हते. प्रस्तावना कुठे संपते हेच अजून ठरलं नव्हतं, तर आकडे कुठून घालणार?

भाऊरावला फोन केला. "पाच बोटं झालं."

"काय पाच बोटं?"

"पुस्तक."

"मंग घेऊन ये. आमी आयकतो."

झालं. मी गठ्ठा सुतळीने करकचून बांधला आणि बडनेऱ्याहून गाडीत बसलो. अकोल्याला पोचलो तर भाऊरावने अंगणात सतरंज्या काढून ठेवलेल्या. संध्याकाळी वाचन, सगळ्या गल्लीला आमंत्रण, वर आलुबोंडे.

दुपारी भाऊरावच्या टिनाच्या खोलीत गठ्ठा पेटीवर ठेवून मी आडवा झालो. खोली नव्हती, भट्टी होती. उठलो तेव्हा शेजारचे रशीदभाई शिंपी खुर्चीत बसले होते. वाचनाला सगळ्यांच्या आधी आलेले.

मी गठ्ठा उचलला आणि सुतळी घसरून पायावर पडली.

मोजलं. तीन बोटं. पुन्हा मोजलं. तीनच.

"भाऊ, माझी प्रकरणं चोरीला गेली."

भाऊराव धावत आला. "कोन चोरीन बे तुयी प्रकरणं? लोकं मोटारी नेतात अकोल्यात."

पण माझी नजर रशीदभाईंवर गेली. खोलीत दुसरं होतं कोण? "रशीदभाई, तुम्ही यातली पानं घेतली होती का?"

"घेतली ना सर. पयलं पान वाचाले घेतलं."

"आणि पुढची?"

"पुढं मलेबी झोप लागली."

खाट सरकवली. पेटी उघडली. रशीदभाईंनी बिचाऱ्यांनी आपण होऊन पिशवी उलटी केली. त्यातून कात्री आणि पान-सुपारी निघाली. शेवटी मी घरी फोन लावला, कदाचित पानं टेबलावरच राहिली असतील. भाऊरावने फोनचा आवाज मोठा केला.

"नलिनी, माझं दोन बोटं पुस्तक हरवलं."

"हरवलं कुठे? सुकलं असेल," पलीकडून आवाज आला. "तुमचं टेबल कूलरच्या तोंडाशी, कागद दिवसभर ओला वारा खातात. परवा माझे पापड तुमच्या पुस्तकाशेजारी राहिले, तर तेही लिबलिबीत झाले. अहो, पानं मोजायची. बोटं कसली मोजता?"

भाऊराव हळूच म्हणाला, "कोरडवाहूचं पुस्तक, प्रोफेसर, अन् वाढवलं ओलितावर?"

मी रशीदभाईंचे हात धरून माफी मागितली. "जाऊ द्या सर," ते म्हणाले, "आज पयल्यांदा कोनाले वाटलं का मी एवढं वाचतो."

मी परत निघतो म्हणालो. भाऊराव आडवा आला. "जेवढं हाये तेवढं वाच. लोकं येऊन राहिले."

वाचलं. आलुबोंडे निवायच्या आत पुस्तक संपलं. लोकांनी ते निमूट ऐकलं, निदान बोंडे खाईपर्यंत तरी. उठताना रशीदभाई म्हणाले, "या टायमाले झोप नाई लागली, सर." इतक्या महिन्यांत प्रगतीची एवढीच काय ती खरी खूण.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. नलिनीने विचारलं, "टेबल हलवू का कूलरपुढून?"

मी गठ्ठ्याकडे पाहिलं. बिचारा अगदी रोडावला होता.

"राहू दे," मी म्हणालो. "थोडं उत्तेजन असावं माणसाला."