आईची काढून टाकलेली वाक्यं

"आजी, जरा शुद्ध बोला ना. मशीनला कळायला पाहिजे."

माईक धरलेला कंपनीचा मुलगा असं म्हणाला आणि सगळा हॉल हसला. पुढच्या रांगेतले पाहुणे हसले. मागं बसलेली पोरं-पोरी हसली. स्टेजवर टेबलापाशी माझी आई उभी होती. साठी उलटलेली. अंगावर ठेवणीतलं इरकल लुगडं. समोर ते काळं, गोल यंत्र, माणसाचा आवाज ऐकून उत्तर देणारं. आईनं त्याला दोनदा विचारलं होतं, "दुपारची गोळी कंची घिऊ?" दोन्ही वेळा यंत्र म्हणालं, "माफ करा, मला समजलं नाही."

आईनं पदर सावरला. तिसऱ्यांदा विचारलं. शाळेतल्या बाईंसारखं बोलायला गेली.

"मी... कोणची... गोळी घेवावी?"

हॉल आणखी जोरात हसला. तेवढ्यात आमच्या विभागाच्या प्रमुख सरांनी दुसरा माईक उचलला. "यांच्या वस्तीवरची भाषाच तशी आहे. यंत्र तरी बिचारं काय करणार!"

मी तिथंच होते. लॅपटॉपपाशी, आईपासून दोन हातांवर. सगळे हसले तेव्हा मी पण हसले. आईनं माझ्याकडं बघितलं.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सांगताना स्वतःला वाचवायचा मोह होईल मला.

मी धाराशिवच्या त्या इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये कंत्राटावर होते. पॉलिटेक्निक झालेली. शहरात खोली करून राहायचे, शनिवारी गावी जायचे. गाव बेंबळीच्या अलीकडं. तिथं आमची बौद्ध वस्ती, वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर. वडील गेल्यावर आई एकटीच. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं तिनं. वाचता येत नाही. सही येते, मी सातवीत असताना पाटीवर शिकवली होती.

तिला बीपी आणि साखर दोन्ही. गोळ्यांची पाकिटं सगळी सारखीच दिसतात. एकदा तिनं साखरेची गोळी दोनदा घेतली आणि सोयाबीन काढताना बांधावरच पडली. शेजारणीनं गूळ भरवला म्हणून वाचली.

तेव्हा मी तिच्यासाठी गोळ्या सांगणारा प्रोग्रॅम बनवला, त्या गोल यंत्रावर चालणारा आणि फोनवरही. यंत्राला विचारायचं, यंत्र सांगणार: आता पांढरी लहान गोळी, जेवल्यावर. अशा कामात एक गोष्ट करावी लागते. माणूस काय काय म्हणून विचारेल, ती वाक्यं आधी भरून द्यावी लागतात. मी आईजवळ वही घेऊन बसले. ती जसं बोलली तसं लिहून घेतलं. 'गोळी कंची घिऊ.' 'म्या सकाळची घेतली का न्हाय.' 'आता कंची ऱ्हायली.' चाळीसेक वाक्यं झाली. ती भरून फोन तिच्यापुढं धरला.

तिनं विचारलं. फोननं बरोबर उत्तर दिलं.

"व्हय की गं! ऐकतंय हे!" आई म्हणाली. मग फोनला म्हणाली, "जेवलास का रं बाबा?"

इतकी हसलो आम्ही दोघी. पोट धरून. शेजारीण बघायला आली, काय झालं म्हणून. आई तिला म्हणाली, "माझ्या लेकीनं केलंय. माझं समदं बोलणं कळतंय त्याला."

मग कॉलेजात तो मेळावा ठरला. या बोलणाऱ्या यंत्रासाठी कुणी काय काय बनवलंय ते दाखवायचं, पुण्याहून त्या यंत्राच्या कंपनीची माणसं येणार. नावं पाठवायची होती, मी पण पाठवलं. पाच कामं निवडली, त्यात माझं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे तू केलंस?"

"हो सर."

"एकटीनं?"

विभागातल्या बाकी सगळ्या बायकांना सर 'मॅडम' म्हणायचे. मला 'तू'. मला ते कधी टोचलं नव्हतं. खरं सांगायचं तर टोचलं होतं, पण मी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं.

सरांनी माझ्या पडद्यावरची वाक्यं वाचली. कपाळाला आठी घातली. "कंची? म्या? हे काय मराठी आहे? पुण्याची माणसं येणारेत. लाज काढशील कॉलेजची."

"सर, आमच्याकडं असंच..."

"तुमच्याकडं असेल. काढून टाक. प्रमाण मराठी ठेव."

मी सगळी वाक्यं निवडली आणि बटण दाबलं. एकदाच दाबावं लागलं. त्यांच्या जागी शुद्ध वाक्यं लिहिली. भांडले नाही. उलट मला बरं वाटलं. आता हे काम चांगल्या घरचं दिसतंय, असं वाटलं. चौथीत मी 'न्हाय' म्हटलं म्हणून गुरुजींनी वर्गापुढं वीस वेळा 'नाही' म्हणायला लावलं होतं मला. त्या दिवसापासून मी शुद्ध बोलत होते. सरांपुढं ते बटण मी सहज दाबलं.

मग सर म्हणाले, "प्रात्यक्षिकाला एखादी अस्सल खेड्यातली बाई आण. घरची आहे म्हणू नकोस. यूजर म्हण."

मी आईला आणलं. एसटीत तिला शिकवत होते, "आई, कंची नको म्हणू. कोणती म्हण." ती "व्हय" म्हणायची आणि खिडकीतून बघायची. वाक्यं काढलीत हे मी तिला सांगितलं नाही. स्टेजवर गेल्यावर मी म्हणाले, "या आमच्या एक यूजर." सरांनी सांगितलं म्हणून तसं म्हटलं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. खोटं आहे ते. मलाच नको होतं कुणाला कळायला.

पुढं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

जेवणाची सुट्टी झाली. आई हॉलमध्ये नव्हती. जेवणाच्या रांगेत नव्हती. गेटजवळ, वॉचमनच्या खुर्चीमागच्या कट्ट्यावर बसली होती. चपला काढून, पाय पोटाशी घेऊन.

"जेवायला चल," मी म्हणाले.

"घरी तर कळत व्हतं त्याला," आई म्हणाली. "आज काय झालं? माझं काय चुकलं?"

मी खाली बसले. "तुझं न्हाय चुकलं आई. तुझी वाक्यं म्या काढली त्यातून. सरांनी सांगितलं."

"कशापायी?"

शिकलेली मी. दहा प्रकारे सांगता आलं असतं. मी तिच्या चपला उचलून सरळ ठेवल्या.

आईनं त्या पायात सरकवल्या. मग म्हणाली, "तू बी हासलीस."

एवढंच. रागावली नाही, रडली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात शिपाई बोलवायला आला. आत सर आणि तो माईकवाला मुलगा उभे होते. मुलाच्या हातात परवानगीचा कागद. आईचं बोलणं त्यांनी रेकॉर्ड केलं होतं. यंत्राला काय कळत नाही ते दाखवायला पुढच्या मेळाव्यांत ते वाजवायचं होतं. "लोकांना खूप आवडलं," तो म्हणाला. वाईट नव्हता तो. त्याला खरंच वाटत होतं, आम्ही खूश होऊ म्हणून.

सर मला म्हणाले, "अंगठा घे त्यांचा."



"माझी आई सही करते," मी म्हणाले.

मुलगा म्हणाला, "तुमच्या आई आहेत?"

"माझी आई आहे. आन् सही करणार न्हाय ती. तिचा आवाज हसायला द्यायचा न्हाय. माझ्यासमोर पुसा तो."

"अगं, कुणाशी बोलतेस?" सर म्हणाले. "पुढचं कंत्राट विसरलीस का?"

"न्हाय विसरले. तिची वाक्यं तुमी काढायला लावली आन् म्या काढली. यंत्राला तिचं कळत व्हतं. हे आता माईकवर सांगा."

सरांनी सांगितलं नाही. मी माईक मागितला, तो दिला नाही. मुलानं मात्र मान खाली घालून रेकॉर्डिंग पुसलं. मी लॅपटॉप बंद केला आणि आईला घेऊन स्टँडवर आले. कंत्राट पुढं वाढलं नाही.

घरी पोचल्या पोचल्या मी सगळी वाक्यं पुन्हा भरली, वहीत होतीच. फोन तिच्यापुढं धरला. "इचार आई. कळतंय त्याला आता."

तिनं तोंड फिरवलं. शेजारणीच्या सुनेला हाक मारून गोळी वाचून घेतली.

त्याला वर्ष होऊन गेलं. आई त्या यंत्राशी परत बोलली नाही. त्याहून वाईट सांगते. मी आता सोलापुरात कामाला आहे, रोज फोन करते. आई फोनवर माझ्याशी जपून बोलते. 'न्हाय' ओठावर आलेलं गिळते आणि 'नाही' म्हणते. थांबत थांबत. परक्या माणसाशी बोलावं तसं. "आई, तू तुझं बोल की," मी म्हणते. ती म्हणते, "नको. चुकतं माझं."

हे मी केलंय. सरांनी केलं, गुरुजींनी केलं, पण बटणावर बोट माझं होतं. आईनं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. विचारणार पण नाही. माफी मागून सुटायचं नाही मला.

पुढच्या महिन्यात सोलापुरात तसाच मेळावा आहे. मी नाव दिलंय. दरम्यान बेंबळीच्या, ढोकीच्या बायाबापड्यांकडं बसून आणखी वाक्यं लिहून घेतलीत, जशीच्या तशी. तिथं उभी राहून म्या माझ्या आईचं नाव सांगणार, वस्ती सांगणार, आन् आमच्या बोलीत बोलणार. यातलं एक अक्षर काढा म्हणलं कुणी, तर त्याला कारण इचारणार. समद्या हॉलसमोर इचारणार. उत्तर येईस्तवर माईक सोडणार न्हाय.