वाकडा गालिचा

नव्वदच्या आसपासची गोष्ट. लंडनमधल्या हॅरोच्या घरी, पुढच्या खोलीत, मी कपडे दुरुस्तीची कामं घ्यायचे. ह्यांनी चर्चच्या जम्बल सेलमधून, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या विक्रीतून, एक जुना गालिचा आणला होता. गडद लाल, मधे निळे चौकोन. एक टोक दुसऱ्यापेक्षा वीतभर रुंद, आणि अर्ध्यावर लाल रंग एकदम विटकरी झालेला. कडाही उसवलेल्या. जास्तीची बाजू कापून तो सरळ करायचा, असं मी ठरवलं.

कात्री हातात घेतली तेवढ्यात कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला एक बाई आल्या. इराकमधून आलेल्या कुर्दी, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. इंग्लिश माझ्यासारखंच तुटक. गालिचा बघून त्या तशाच खाली बसल्या, तो उलटा केला आणि मागच्या गाठी बोटांनी चाचपल्या. मी म्हटलं, विणताना बिघडलाय.

"बिघडला नाही," त्या म्हणाल्या. रंग बदलला होता तिथे त्यांनी बोट ठेवलं. "इथे माणसं निघाली."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. त्यांची आजी मेंढ्यांमागे फिरणाऱ्या टोळीतली. माग जमिनीवरच, चार खुंट्या ठोकून मांडलेला. डोंगरावर जायची वेळ आली की अर्धा विणलेला गालिचा गुंडाळून खेचरावर घालायचा, नव्या जागी पुन्हा खुंट्या ठोकायच्या. ताण आधीसारखा बसत नाही, म्हणून रुंदी बदलते. लोकर नव्या पाण्यात रंगवली की लाल वेगळा येतो. नक्षी कागदावर नाहीच, सगळी डोक्यात.

मी कात्री ठेवून दिली. तेव्हा त्यांनी विचारलं, मी दुरुस्त करू का?

पुढे दोन महिने दर मंगळवारी त्या यायच्या. लहानपणी आजीजवळ शिकलेलं, आणि चाळीस वर्षांत हात लावला नव्हता, म्हणाल्या. पण बोटं अडखळली नाहीत. धागे ठोकून बसवायला माझ्या ड्रॉवरमधला जेवायचा काटा घेतला. माझ्या टेपला त्या शिवल्यासुद्धा नाहीत. वीस वर्षं शिवणकाम करूनही असा हात मी पाहिला नव्हता. मंगळवारी माझी स्वतःची कामं पडून राहायची. मी मिळताजुळता लाल शोधत होते, तर त्यांनी मोहरीच्या फुलासारखी पिवळी लोकर उचलली.

"वेगळाच दिसू दे," म्हणाल्या. "लपवायचं कशाला?"

शेवटच्या चार गाठी त्यांनी मला मारायला लावल्या. दुसरी सैल बसली. त्यांनी ती सोडवली, माझी बोटं धरून जागेवर आणली, आणि मी पुन्हा मारेपर्यंत शांतपणे थांबल्या.