गळ्यातला दुसरा आवाज

आमच्या गायकाच्या गळ्यात काहीतरी बिघडतंय हे सगळ्यात आधी मला कळलं. त्याला स्वतःला कळायच्याही आधी. मी ते कुणाला सांगितलं नाही. आज हे लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

आमचा बँड मेटलकोरचा. ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की यात एकाच गाण्यात माणूस आधी छाती फुटेल असा किंचाळतो आणि पुढच्याच ओळीला मोकळ्या गळ्याने सुरात गातो. दोन्ही जमणारी माणसं फार थोडी. आमचा गायक त्यातला होता. तो उरणकडच्या कोळीवाड्यातला. त्याची आई पनवेलच्या बाजारात मासे घेऊन बसायची आणि तिची हाक बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. त्याचा आवाज तिथूनच आलेला.

कॉलेजात आमची गाठ पडली. मी पनवेल शहरातला, गिटार वाजवायचो आणि बँडचं सगळं रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर करायचो. ड्रमरच्या वडिलांचं कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्र्याचं गोदाम होतं. रविवारी बाजार बंद, त्यामुळे रविवारची सकाळ आमची. बेस वाजवणारे येत-जात राहिले. आम्ही तिघं कायम.

सुरुवातीला आम्ही इंग्रजीत गायचो आणि परदेशी बँडांसारखं वाजवायचो. फार वेगात. कॉलेजच्या कार्यक्रमांत आमच्यानंतर स्टेजवर येणारी नाचाची मुलं-मुली कानांवर हात ठेवून विंगेत उभी असायची. मग एका रविवारी तो वहीत लिहिलेलं गाणं घेऊन आला. मराठीत, तेही घरच्या बोलीत. खाडी बुजवून झाली आणि भरतीचं पाणी रस्ता विसरून घरात आलं, असं काहीतरी होतं. आधी आम्ही हसलो. तो मोकळ्या गळ्याने गायला लागला तेव्हा हसू थांबलं. त्या शब्दांना वेग सोसत नव्हता, म्हणून आम्ही लय कमी केली, तारा दोन सूर खाली उतरवल्या. तिथून आमचा स्वतःचा आवाज सुरू झाला. त्या गाण्याने आम्हाला मुंबई-पुण्याच्या स्टेजवर नेलं.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी हेडफोनमध्ये मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. त्याची किंचाळी संपत आली की तिच्या पोटात आणखी एक आवाज असायचा. बारीक, फाटका, पत्रा कापताना शेवटच्या बोटभर भागात येतो तसा. मी ती जागा चारपाच वेळा पुन्हा लावून ऐकली. अंगावर काटा आला, आणि मला तो आवडला. मी त्या जागेचा आवाज मुद्दाम वाढवला.

लोकांनाही आवडला. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं, आता यांच्यात खरी धार आली. पुढच्या रविवारी तो मला म्हणाला, ‘‘ती धार म्हणजे काय रे? मी तर नेहमीसारखाच वरडलो.’’

‘‘तुझा आवाज पिकतोय,’’ मी म्हणालो.

हळूहळू मोकळ्या गळ्याच्या ओळी कमी होऊ लागल्या. वरचा सूर यायचा नाही. तो प्रयत्न करायचा, आवाज मध्येच तुटायचा, मग तो हात हलवून म्हणायचा, ‘‘सोड, इथं पन किंचाळूनच घेऊ.’’ आम्ही घेतलं. कुणी विचारलं की ड्रमर सांगायचा, आम्ही आता जास्त जड झालोय, आमचा प्रवास त्या दिशेने चाललाय. त्याला तसंच वाटत होतं. मला मात्र माहीत होतं की आम्ही कुठेही चाललो नव्हतो. त्याला जे जमेनासं होत होतं ते आम्ही गाण्यातून काढून टाकत होतो.

तो गोदामात ज्येष्ठमधाच्या गरम पाण्याचा थर्मास आणू लागला. मग बोलणं कमी केलं. दोन गाण्यांच्या मध्ये काही सांगायचं असलं की मोबाईलवर टाईप करून आमच्यासमोर धरायचा. ड्रमरला त्याची गंमत वाटायची.

एकदा मी बाजारात कोळंबी घ्यायला गेलो. त्याच्या आईने मला लांबूनच ओळखलं, पण हाक मारली नाही. जवळ गेल्यावर खाली वाकून मासे सारखे करत हळू आवाजात म्हणाली, ‘‘तुमी काय करता रे त्याला? पोरगा घरी बोलत नाय. भाकर पायजे, पानी पायजे, मोबाईलवर लिवून दाखवतो. मला वाचता येत नाय म्हनून सूनबाईला बोलवायला लागतं.’’

‘‘काही नाही, काकी. गाणारे आवाज जपतात तसं.’’

‘‘गानारी मानसं घरी मुकी असतात?’’

मी पैसे पुढे केले. तिने कोळंबी बांधून दिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, हिला सगळं कळलंय, आणि ही माझ्याकडून ऐकायला थांबलीय.

त्याच आठवड्यात त्याने मला एकट्याला बोलावून घेतलं आणि आम्ही घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी त्याच्या नाकातून बारीक कॅमेरा आत सोडला. समोरच्या पडद्यावर त्याचे स्वरतंतू दिसले. एकावर फुगलेली गाठ होती, कडेला रक्त साकळून काळपट झालेलं. तो श्वास घ्यायचा तेव्हा ते दोन पांढरे पट्टे उघडायचे, आणि मिटताना त्या गाठीपाशी फट राहायची. तो फाटका आवाज त्या फटीतून येत होता. इतके महिने मी तेच मोठं करून लोकांना ऐकवलं होतं.

डॉक्टर म्हणाले, ‘‘आजपासून मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर एक दिवस तोंड उघडशील आणि नुसती हवा बाहेर येईल.’’

बाहेर येऊन तो पायरीवर बसला. मोबाईल काढला, टाईप केलं आणि माझ्यासमोर धरला. ‘ड्रमरला सांगू का?’

त्या वेळी आमच्या तिसऱ्या अल्बमची दोन गाणी राहिली होती आणि पुण्याच्या एका मोठ्या कार्यक्रमात आम्हाला दुपारची वेळ मिळाली होती. मी म्हणालो, ‘‘दोनच गाणी आहेत रे. आणि पुणं. मग हवं तेवढं गप्प बस.’’

त्याने माझ्याकडे बघितलं. मग होकाराची मान हलवली. तेव्हा मला वाटलं, हे त्यानेच ठरवलं. नंतर बराच काळ मी तसंच धरून चाललो.

दोन्ही गाणी झाली. शेवटच्या रेकॉर्डिंगनंतर त्याने रुमालात थुंकून रुमालाची घडी घातली. रंग मी बघितला. ‘‘चांगला आला,’’ मी म्हणालो, आणि फाईल सेव्ह केली.

पुण्यात ऊन होतं, समोर मैदान भरलेलं. पहिली दोन गाणी त्याने कशीबशी ओढली. तिसऱ्यात एक जागा होती, सगळी वाद्यं थांबायची, तो एकटा किंचाळायचा, आणि मग आम्ही सगळे एकदम जड, संथ ठोक्यावर उतरायचो. वाद्यं थांबली. त्याने तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठल्या, डोळे बाहेर आले, आणि काहीच आलं नाही. माईकमधून फक्त खरखरीत वारा.

लोकांना वाटलं, हे मुद्दाम केलंय. समोरच्या दोन-तीन हजार माणसांनी त्याच्या वाटची किंचाळी मारली. इतका मोठा आवाज आमच्या कार्यक्रमात कधी झाला नव्हता. तो तोंड उघडं ठेवून तसाच उभा होता. माझा हात खाली आला आणि मी वाजवायला लागलो. ड्रमर माझ्यामागून. गायक वळून माझ्याकडे बघत होता, एक हात गळ्यावर, आणि मी वाजवत राहिलो. आधी ड्रमर थांबला. काठ्या टाकून तो पुढे धावला. त्याच्यानंतर मी थांबलो.

ऑपरेशन मुंबईत झालं. आवाज परत आला, अर्धा. फोनवर बोलता येतं, पण चार माणसांत बोललेलं ऐकू येत नाही. गाणं संपलं. डॉक्टरांकडची गोष्ट मी ड्रमरला सांगितली. त्याने ड्रम विकले आणि गोदामाचा धंदा बघायला लागला. आता आमच्यात नमस्कारापुरतंच आहे.

आमचा गायक उरणजवळच्या द्रोणागिरीत एका मालाच्या यार्डात सुपरवायझर आहे. मागच्या वर्षी मी त्याला भेटायला गेलो. मागे येणाऱ्या ट्रेलरला ओरडून थांबवता येत नाही म्हणून त्याला शिट्टी दिलीय. ती तो सारखी बोटात फिरवत होता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही फाटकाजवळच्या टपरीवर बसलो. त्याचं ऐकायला मला पुढे वाकावं लागत होतं.

मी म्हणालो, ‘‘मला माहीत होतं. तुझ्या आधीपासून.’’

‘‘मला पन माहीत होतं, तुला माहीत हाय ते,’’ तो म्हणाला. ‘‘तू मला थांबवशील म्हनून वाट बघत थांबलो होतो.’’

मी विचारलं, ते शेवटचं गाणं इंटरनेटवरून काढून टाकू का? अजून रोज लोक ऐकतात, लिहितात, असा आवाज परत होणार नाही म्हणून.

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. ‘‘आयेने एकदा कुनाच्या तरी फोनवर ऐकलं. बाजारात. मला येऊन बोलली, यात तुला दुखतंय.’’

‘‘मग काढतो.’’

‘‘नको. माझा आवाज आता तिथंच हाय.’’

फाटकातून कुणीतरी त्याला हाक मारली. तिथून ओ देणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने हात वर केला आणि उठला. मला वाटलं तो वळून काहीतरी म्हणेल. पण एक ट्रेलर मागे येत होता, तो त्याच्याकडे गेला, आणि मला शिट्टी ऐकू आली.