अप्पांच्या नावावरचा हंडा

आमच्या घरातल्या समुद्राची गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल, याचा हिशेब नाही. लग्नाच्या पंगतीत सांगितली, दुकानात गिऱ्हाईक थांबलेलं असताना सांगितली. लोक हसतात. 'आणि मग आमच्या अप्पांनी समुद्राला अभिषेक घातला' — इथं आलो की हमखास हसतात. पण त्या गोष्टीत एक हंडा आहे, तो मी दर वेळी गाळतो. बायकोला सांगताना गाळला, भावाला सांगताना गाळला. आज पहिल्यांदाच तो गोष्टीत आणणार आहे. तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

सोलापुरात समुद्र कशाला, असं तुम्ही विचाराल. विचाराच. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणारं आमचं गाव. सात रस्त्याजवळ माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. जवळच्या एका दाताच्या डॉक्टरांनी दवाखाना नव्यानं सजवायला काढला आणि तिथली माशांची चार फुटी काचेची टाकी त्यांना नकोशी झाली. मी ती घरी आणली. आता त्यात साधे मासे सोडून गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण मला खाऱ्या पाण्याची टाकी करायची होती, जिवंत प्रवाळांची. सोलापुरात कुणाच्या घरी नाही, म्हणून मला हवी होती. माझा स्वभावच तसा आहे — चारचौघांनी येऊन तोंडात बोट घालावं, असं काहीतरी घरात हवं.

टाकी गच्चीवर नेली. सांध्यांचं जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडून काढलं, नवं भरलं. काचेवरचे क्षाराचे पांढरे थर व्हिनेगरनं घासले. पाणी भरून गळते का ते बघितलं. पुण्याच्या दुकानदारानं फोनवर पहिला प्रश्न विचारला होता, की या टाकीत आधी माशांसाठी तांब्याचं औषध कधी घातलं होतं का? मासा तांबं सहन करतो, म्हणे, पण प्रवाळ, शंख, कोळंबी यांना त्याचा कणसुद्धा विष असतो. मी डॉक्टरांना विचारून खात्री केली. म्हणजे लक्षात घ्या — तांब्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घरात हे माहीत असणारा मी एकटाच होतो, आणि मीच सगळ्यांना पढवलं.

आमचं घर लिंगायतांचं. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. शेजारी चिडवायचे, 'काय मल्लिनाथ, कालवणाचा मुहूर्त कधीचा?' अप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले. दुधनीला त्यांची आडत होती. ती बंद करून आई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. मिठाची पिंपं पुण्याहून आली तेव्हा ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "गावाला प्यायला पाणी न्हाय, आन तू घरात समुद्र आणलास की रे मल्लू!" बोलले, आणि स्वतःच हसले.

मीठ कालवलेलं पाणी आणि दगड भरून टाकी महिनाभर नुसती चालू ठेवावी लागते. पाण्यात चांगले जंतू तयार व्हायला हवेत. नुसती घुरघुरणारी रिकामी टाकी. सुवर्णा, माझी बायको, म्हणायची की बिनमाशाच्या पाण्याला आपण विजेचं बिल भरतोय. अप्पा मात्र रोज खुर्ची ओढून समोर बसायचे. दगडावर पहिला हिरवा डाग उमटला तो त्यांनीच दाखवला. मग मासे आले, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे. प्रवाळ आले. आणि एक कोळंबी आली — तांबडी, पाठीवर पांढरी रेघ, लांब मिशा. ती दगडावर बसायची आणि मासे तिच्यापुढे येऊन तोंड उघडून थांबायचे. ती त्यांच्या अंगावरची घाण वेचायची, गालफडं साफ करायची. अप्पांनी तिचं नाव ठेवलं 'न्हावी'. मग ती कोळंबी उरलीच नाही, न्हावीच झाला. सकाळी लिंगपूजा उरकली की अप्पा टाकीपाशी येऊन कानडी-मराठीत विचारायचे, "येनप्पा, आज गिऱ्हाईक न्हाय काय?"

अप्पांच्या पूजेचा तांब्या तांब्याचा. प्यायचं पाणीही त्यांना तांब्याच्या हंड्यातलंच लागायचं. दुधनीहून आणलेला तो हंडा स्वयंपाकघरात तिवईवर असायचा. मी त्यांना बजावलं होतं, तांब्या घेऊन टाकीजवळ यायचं नाही, ओला हात लावायचा नाही. चढ्या आवाजात बजावलं होतं. अप्पांनी ते किती पाळलं, सांगू? पूजा झाली की तांब्या आत ओट्यावर ठेवायचे, धोतराला दोन्ही हात पुसायचे, तळवे उलटेसुलटे करून बघायचे, आणि मगच खुर्चीत बसायचे. मी हे रोज बघत होतो. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी विसरल्यासारखं केलं, तुम्ही करू नका.

मे महिना आला. आमच्या उन्हात टाकीचं पाणी रोज बोटभर उडायचं. पाणी उडतं, मीठ मागं राहतं, म्हणून रोज वरून साधं शुद्ध पाणी घालावं लागतं. त्यासाठी मी आरओ मशीन बसवलं होतं. पण मशीनला तरी नळाचं पाणी हवं ना? कुठंतरी जलवाहिनी फुटली आणि नळ कोरडे पडले. साठवलेले शुद्ध पाण्याचे कॅन संपले. टँकरचं पाणी वापरायला होतं, ते टाकीत चालणार नव्हतं. मशीनचं शेवटचं पाणी सुवर्णानं पिण्यासाठी भरून ठेवलं होतं — अप्पांच्या हंड्यात.

आता तो हंडा आला.

दुपारची वेळ. अप्पा आत आडवे झाले होते, सुवर्णा माहेरी. पाण्याची पातळी उतरून पंप हवा ओढायला लागला होता. मी स्वयंपाकघरात गेलो. सुवर्णानं चिंच-मीठ लावून घासलेला तो हंडा लखलखत होता. मला आठवलं नाही, असं म्हणायची सोय नाही. मला आठवलं होतं. हात थांबलाही होता. मग मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या टाकीत एका हंड्यानं काय होतंय? आणि ओतला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून पाण्याचे जार आणता आले असते. ऊन होतं, कंटाळा आला. पुन्हा हंडाच ओतला. पाणी येईपर्यंत तसंच चाललं. ऊन उतरल्यावर जार आणायचा तो फक्त रिकामा हंडा परत भरून ठेवायला, म्हणजे कुणाला कळायला नको. आपण चुकतोय हे ज्याला कळत नाही, तो हंडा परत भरून कशाला ठेवेल?

पहिल्यांदा अप्पांनाच कळलं. सकाळी मला हाक मारली, "मल्लू, न्हावी उठंना की." तो आडवा पडला होता, मिशा पाण्याबरोबर हलत होत्या. मग शंख काचेवरून सुटून खाली पडले. प्रवाळ मिटले ते उघडलेच नाहीत, पांढरे पडत गेले. मी पाण्याची बाटली पुण्याला पाठवली. दुकानदाराचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत होतो. धाकटा भाऊ बसू पुण्याहून आलेला. मोठ्या ऐटीत मी फोन स्पीकरवर टाकला. दुकानदार म्हणाला, "साहेब, पाण्यात तांबं उतरलंय. घरात कुणी तांब्याच्या भांड्यातलं पाणी घातलं का?"

सुवर्णा माझ्याकडे बघत होती, नुसती, काही संशय नव्हता तिला. 'मी घातलं' — दोन शब्द. समोर होतं कोण? बायको, भाऊ, बाप. त्यांनी काय फासावर दिलं असतं? चार दिवस माझी टर उडवली असती, 'आम्हाला शिकवत होता आणि स्वतः' म्हणून. तेवढंही मला सोसवणार नव्हतं. माझी नजर आत ओट्यावरच्या अप्पांच्या तांब्याकडे गेली आणि मी म्हणालो, "अप्पांनी घातलंय. मी बघितलंय एकदा."

'घातलं असेल' असं म्हणालो असतो तर निदान थोडी फट राहिली असती. मी 'बघितलंय' म्हणालो.

अप्पांनी आपल्या हातांकडे बघितलं. तळवे उलटेसुलटे केले, रोज करायचे तसेच. त्या दिवसांत ते थोडंफार विसरायचे — चष्मा, पाहुण्यांची नावं, आंघोळ झाली की व्हायचीय. त्या वयात कोण विसरत नाही? मला वाटलं ते चिडतील, ओरडतील. त्यांच्या ओरडण्याची मी वाटही बघत होतो बहुतेक. ते म्हणाले, "तू बघितलास म्हंजे वतलं असंल मी. ध्यानात न्हाय बघ."

एवढंच.

बसू हसला आणि म्हणाला, "अप्पा, समुद्राला अभिषेक घातला की तुमी!" सगळे हसले. अप्पाही हसले. ते वाक्य बसूचं आहे, पण गावभर मी नेलं. अप्पा शेजारी बसलेले असतानासुद्धा मी ते पाहुण्यांना सांगितलेलं आहे.

त्यानंतर अप्पा विचारायला लागले. दूध तापवू का? तुळशीला पाणी घालू का? दार लावलं का मी, बघतोस का? ज्या माणसानं आयुष्यभर आडतीत शंभर जणांचे व्यवहार तोंडपाठ ठेवले, तो माणूस पूजेला बसताना सुनेला म्हणायचा, "सुवर्णा, जरा हितं बस की, काय चुकतंय का बघ." तांब्या त्यांनी माळ्यावर ठेवायला लावला. स्टीलचं भांडं घेतलं. संध्याकाळी तळ्याकाठच्या देवळात एकटे जायचे, तेही बंद केलं. वाट चुकली तर, म्हणाले. एकदाही चुकली नव्हती.

मासे तेवढे वाचले होते. ते मी पुण्याला परत दिले. टाकी रिकामी करून गच्चीवर ठेवली. अप्पांची खुर्ची मात्र तिथंच राहिली, भिंतीकडे तोंड करून.

बसूच्या आग्रहानं आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, काय काय विसरायला होतं?" अप्पांनी चष्म्याचं सांगितलं नाही, नावांचं सांगितलं नाही. म्हणाले, "पोरानं लई हौसेनं मासं पाळलं होतं डाक्टर. ते मी मारलं. आन मला काईच ठावं न्हाय." डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं. मी शेजारच्या खुर्चीत होतो. माझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागत होता. त्या खोलीत तरी बोलायला हवं होतं की नाही? डॉक्टर माझा कोण होता, लाज वाटायला? मी बोललो नाही. गोळ्यांच्या वेळा तेवढ्या विचारून घेतल्या.

ते पुढं खरंच विसरायला लागले. तसंही झालंच असतं, वयच होतं — हे वाक्य मी स्वतःला पुष्कळदा म्हणून बघितलंय. न्हाव्याच्या वेळेपर्यंत ते अप्पा होते आणि त्यानंतर नव्हते, हे मी घरात राहून बघितलेलं आहे.

आणि हे सगळं सांगूनही खरी गोष्ट राहिलीच आहे. मला वाटलं होतं खोटं बोललो ते सांगितलं की संपेल. नाही.

शेवटच्या वर्षी अप्पा अंथरुणाला खिळले. बसूला ओळखत नव्हते, आई गेली हेही विसरले होते, तिला हाका मारायचे. एक दिवस सकाळी मी त्यांचं अंग पुसत होतो. त्यांनी माझं मनगट धरलं. डोळे एकदम स्वच्छ होते. म्हणाले, "मल्लू, तुझा न्हावी मी मारला रे. सोडून दे की मला ते."

सगळं पुसलं गेलं होतं, आणि मी घातलेलं तेवढं राहिलं होतं. खोलीत आम्ही दोघंच. लाजायला कुणी नव्हतं, टर उडवायला कुणी नव्हतं. मी खरं सांगितलं असतं तर त्यांना ते कळलं असतं, त्या क्षणी नक्की कळलं असतं. ओल्या पंच्याचं पाणी माझ्या हातावरून गळत होतं.

मी म्हणालो, "असू द्या अप्पा. मी कधीच माफ केलंय तुम्हाला."

त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि कपाळाला लावला.